पोराला तुमची पण गोष्ट सांगा की दादा

या आठवड्यात एका बापाचं पत्र आलंय. थोडं लहान केलंय, आणि ओळख पटेल असं सगळं काढलंय.

"ताई नमस्कार. हे मी मोबाईलवर बोलून टाईप करायलोय, लिहायचं आपल्याला जमत नाही, चुका असतील तर समजून घ्या. उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, लेथची दोन मशिनं. पोरगा १४ वर्षांचा, नववीत. मागच्या वर्षी शाळेतल्या मॅडम म्हणाल्या म्हणून तपासून घेतलं तर डिस्लेक्सिया आहे म्हणाले. तेव्हापासून घरात रोज भांडण. अभ्यासाला बस म्हटलं की दार लावून घेतो. सकाळी पोट दुखतंय म्हणतो, डॉक्टरांनी बघितलं, पोटात काही नाही. धाकटी सहावीत हाय, ती फाडफाड वाचते, तिला म्हटलं दादाला वाचून दाखव तर हा तिच्यावर वही फेकून मारतो. मार्क कमी पडले म्हणून मी त्याचं फुटबॉल बंद केलं. सहामाहीचे पेपर दाखवलेच नाहीत, कपाटाच्या मागं फाडलेले सापडले, मी हात उचलला. तेव्हा म्हणाला, मी नसतो तर तुम्हाला बरं झालं असतं. त्या दिवसापासून मला झोप नाही. दहावीला लेखनिक मिळतो म्हणे पण हा नको म्हणतो, पोरं चिडवतील. माझी आई म्हणते हा तुझ्यावरच गेलाय. मी पण दहावी नापास, पण मेहनतीवर उभारलो. हा मेहनतच करत नाही. काय करू सांगा."

दादा, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. सगळ्यावर बोलूया पण आधी ते एक वाक्य, ज्यानं तुमची झोप उडवलीय. पोरं रागाच्या भरात असं बोलतात आणि बऱ्याचदा त्याच्यामागं फार काही नसतं, पण कधीकधी असतं, आणि ते बाहेरून बघून ना तुम्हाला कळेल ना मला. म्हणून त्याला विचारायचं. आजच विचारा, घरात दोघंच असताना किंवा गाडीवरून जाताना, "बाळा त्या दिवशी तू असं म्हणालास, तुला खरंच जगणं नकोसं वाटतंय का, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" ह्याच शब्दात. लोकांना भीती वाटते की असं विचारलं तर पोराच्या डोक्यात नसलेलं आपणच घालू, पण तसं होत नाही, यावर बराच अभ्यास झालाय, उलट विचारल्यानं पोराच्या छातीवरचा दगड थोडा सरकतो. तो नाही म्हणाला आणि तुम्हाला पटलं तर ठीक. हो म्हणाला, किंवा गप्पच बसला, किंवा तुम्हालाच आतून बरं वाटेना, तर त्याला एकटं सोडू नका आणि सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभागात घेऊन जा, परीक्षा संपू दे मग बघू असं करू नका. रात्री-अपरात्री काही झालं तर १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या फोनसेवेचा नंबर आहे, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुमच्या, वहिनींच्या आणि पोराच्या, तिघांच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

आणि मारल्याबद्दल सॉरी म्हणा. "मी हात उचलला, माझं चुकलं, परत उचलणार नाही." एवढंच बोला आणि थांबा. त्याच्यापुढं "पण तू पण पेपर लपवलेस" असं जोडलं की त्याला सॉरी ऐकूच येत नाही, पुढचंच ऐकू येतं.

आता मेहनतीचं बोलूया, कारण मला वाटतं सगळी गाठ तिथंच बसलीय.

तुम्ही आम्ही पाटीवर 'रंकाळा' बघितलं की वाचत बसत नाही, शब्द दिसतो आणि कळतो, डोळ्यापुढं तळं पण येतं. तुमच्या पोराला प्रत्येक वेळी र वर अनुस्वार, मग का, मग ळा असं जोडून तो शब्द उभा करावा लागतो, आणि तो उभा होईपर्यंत ओळीतलं आधीचं निसटून जातं, मग परत मागं. शब्दातले आवाज सुटे करायचे आणि अक्षरांशी जुळवायचे हे काम त्याचा मेंदू वेगळ्या पद्धतीनं करतो, जन्मापासून करतो, यालाच डिस्लेक्सिया म्हणतात, त्याचा हुशारीशी संबंध नाही आणि आळसाशी तर नाहीच नाही. मराठीत निदान जसं लिहितो तसं वाचतो, त्यामुळे बरीच पोरं जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ सोडलं तर हळूहळू का होईना रेटत नेतात आणि पाचवी-सहावीपर्यंत कुणाच्या लक्षातच येत नाही, सगळे म्हणतात जरा स्लो आहे. इंग्रजीत एकाच अक्षराचे चार उच्चार, तिथं चाक रुततं. आणि आठवी-नववीला इतिहास, भूगोल, विज्ञान सगळ्याचं वाचन एकदम वाढतं, म्हणजे इतके दिवस झाकलेलं सगळं नेमकं या वयात उघडं पडतं, जेव्हा पोराला मित्रांसमोर इज्जत हीच सगळ्यात मोठी गोष्ट वाटत असते.

तेव्हा तो मेहनत करत नाही असं नाही दादा. बाकीच्या पोरांना पान वाचायला जेवढं लागतं त्याच्या तिप्पट तो करत असेल, तुम्हाला दिसत नाही कारण त्यातून मार्क येत नाहीत. आणि पहिलीपासून नववीपर्यंत रोज करायचं आणि रोज लाल शेरा बघायचा, असं नऊ वर्षं झाल्यावर माणूस काय करेल? पेपर फाडेल. दार लावून घेईल. प्रयत्न केला आणि जमलं नाही तर 'ढ' म्हणतात, प्रयत्नच केला नाही तर 'आळशी' म्हणतात, आणि चौदा वर्षांच्या पोराला ढ पेक्षा आळशी म्हणवून घेणं परवडतं. हे तो ठरवून करत नाही हां, आपोआप होतं.

मी पंधरा वर्षं शाळेत शिकवलंय. एक मुलगी होती वर्गात, आठवीत, सगळ्या कामाला पुढं, खडू आण म्हटलं की पळायची, फळ्यावर चित्र काढायची, आजारी मैत्रिणीला घरी सोडायची. फक्त धड्याचं प्रकट वाचन सुरू झालं की तिला बाथरूमला जायचं असायचं. मी तिला दोन वेळा सगळ्यांसमोर बोलले, तुला बरोबर याच वेळेला कसं जावं लागतं म्हणून. वर्ग हसला. पुढं कितीतरी वर्षांनी ती मला महाद्वार रोडला भेटली तेव्हा म्हणाली, बाई, मी बाकं मोजायचे, कुठला परिच्छेद माझ्या वाटणीला येणार ते काढायचे आणि तेवढाच आधी पाठ करायचा प्रयत्न करायचे, ज्या दिवशी पाठ व्हायचा नाही त्या दिवशी बाथरूम. एवढी अक्कल, एवढी धडपड, रोज, आणि मी तिला कामचुकार समजत होते. मला तेव्हा डिस्लेक्सिया हा शब्द ऐकून पण माहीत होता. पण ते दिसलं नाही, कारण पोरं तेच तर करत असतात, दिसू नये याची काळजी घेत असतात. तुमच्या पोराचं सकाळचं पोट त्यातलंच आहे. ते खोटं नाही, पोट खरंच दुखतं, भीतीनं दुखतं. रविवारी दुखतं का बघा.

तुमच्या पोराच्याच वयाच्या एकाची गोष्ट सांगते. १८९६ सालची, इंग्लंडमधली. प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरनं तिथल्या वैद्यकीय मासिकात पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. मुलगा चांगला हुशार, खेळात चपळ, मोठमोठे गुणाकार पटकन करायचा, पण वाचता येईना, स्वतःचं नाव लिहिताना सुद्धा अक्षरं मागं-पुढं व्हायची. आणि त्याला कित्येक वर्षं शिकवलेल्या मास्तरांचं म्हणणं काय होतं, तर सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता. जगात या गोष्टीवर जे सुरुवातीचं लिखाण झालं त्यातलं हे एक. त्या मास्तरांनी पोराला आळशी म्हटलं नाही हे मला फार मोठं वाटतं.

आता तुमच्याकडे येते दादा, रागावू नका.

पत्राच्या पहिल्या ओळीत तुम्ही म्हणता, लिहायचं आपल्याला जमत नाही. खाली म्हणता, दहावी नापास. मधे आजी म्हणतात, हा तुझ्यावरच गेलाय. मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून कुणाला काही आहे की नाही ते सांगणं बरोबर नाही, पण डिस्लेक्सिया घराण्यात चालत येतो ही पक्की गोष्ट आहे, आई-बापापैकी एकाला असला तर पोरांना असायची शक्यता बरीच वाढते. तुम्ही शाळेत होता तेव्हा हे कुणी तपासत नव्हतं. १९९५ चा जो अपंगांचा कायदा होता त्यात ७ प्रकार होते, त्यात शिकण्याची अक्षमता नव्हतीच. ती आली २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, जेव्हा २१ प्रकार झाले. म्हणजे तुमच्या वेळेला जे पोरगं वाचू शकत नव्हतं त्याला एकच नाव होतं, नापास.

तुम्ही म्हणता मेहनतीवर उभारलो. मानते मी, कुणाच्या आधाराशिवाय वर्कशॉप उभं करणं खायचं काम नाही. पण मला सांगा, शाळा सुटली तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं? दुःख झालं का सुटलो असं वाटलं? मास्तरांनी वर्गात उभं करून वाचायला लावलं होतं का? बँकेत फॉर्म भरायचा असला की चष्मा विसरला असं सांगता का? जीएसटीचं, कोटेशनचं कोण वाचतं, वहिनी का तो अकाउंटंट? हे तुम्ही मला सांगू नका. पोराला सांगा.

माझ्या मते ह्या सगळ्यात पोरासाठी सगळ्यात मोठं औषध तेच आहे आणि ते तुमच्याशिवाय कुणाकडे नाही. आत्ता त्याला काय दिसतंय, एक बाप, कष्टाळू, बाजारात नाव असलेला, ज्याला त्याची लाज वाटते. त्याला वाटतंय या घरात बिघडलेला मी एकटाच. त्याला एकदा रविवारी वर्कशॉपला न्या, मशिन बंद असताना, आणि सांगा की मला पण येत नव्हतं रे, अक्षरं नाचायची, मास्तर मारायचे, मी पण पेपर लपवले होते. जे खरं घडलं तेवढंच सांगा, वाढवून नको. आणि शेवटी "तरी बघ मी कसा उभारलो" असं नका म्हणू, नाहीतर परत ते लेक्चर होतं. नुसतं सांगा आणि गप्प बसा. तो लगेच काही बोलणार नाही, चौदा वर्षांची पोरं बोलत नाहीत, मोबाईल काढेल नाहीतर मापाचा व्हर्नियर हातात घेऊन उघडझाप करत बसेल. बसू दे. ऐकलेलं असतं त्यानं.

फुटबॉल उद्यापासून चालू करा, मार्कांची अट न घालता. कोल्हापुरात तुम्हाला मी काय सांगायचं, इथं पेठापेठांत, तालमीतालमींत फुटबॉल आहे, शाहू स्टेडियमला मॅच असली की अर्धं गाव तिथं असतं. दिवसातले सात-आठ तास जो पोरगा आपण सगळ्यात मागं आहोत असं अनुभवतो त्याला एक तास असा लागतो जिथं लोक त्याला पास दे म्हणून ओरडतात. तो तास काढून घेतला तर त्याच्याकडं उरलं काय? अभ्यास वाढत नाही त्यानं, नुसता माणूस सुकतो.

धाकटीला त्याची मास्तरीण करू नका. तिची काही चूक नाही, त्याची पण नाही, पण तीन वर्षांनी लहान बहिणीकडून वाचून घेणं ह्या वयात फार लागतं, आणि तिला पण फुकट वहीचा मार बसतो. त्याऐवजी वहिनींना म्हणा, इतिहास-विज्ञानाचे धडे जमतील तसे मोबाईलवर वाचून रेकॉर्ड करा, तो हेडफोन लावून पुस्तक समोर ठेवून ऐकेल, कानानं ऐकत डोळ्यानं ओळ धरली की बराच भार कमी होतो. फोन आता मराठी मजकूर मोठ्यानं वाचून पण दाखवतो, उच्चार कुठंकुठं चुकतो पण चालतं. आणि तुम्ही हे पत्र जसं बोलून टाईप केलंत तसं त्याला उत्तरं बोलून टाईप करायला शिकवा, ते तुमच्याइतकं चांगलं त्याला कोण शिकवणार. संध्याकाळी तीन तास बसवून ठेवण्यापेक्षा पाऊण तास, मधे पाणी प्यायला सुट्टी, आणि संपलं की संपलं.

हे सगळं वाचन टाळायला नाही, वाचन सुधारण्यासाठी रेमेडियल शिकवणाऱ्या शिक्षकांकडे आठवड्यातून दोन-तीनदा जायला हवं, आवाज आणि अक्षर यांची जोडी परत पहिल्यापासून, चौदाव्या वर्षी पण फरक पडतो, सावकाश पडतो. गोळी नाही याच्यावर, चष्मा नाही. कुणी रंगीत काचा विकेल, कुणी डोळ्याला पट्टी बांधून वाचायला शिकवतो, मेंदू अॅक्टिव्हेट करतो म्हणेल, त्याला एक रुपया देऊ नका. आणि दादा, रेमेडियलला नेताना पोराला "तुला दुरुस्त करायला" असं वाटू देऊ नका.

शाळेत जाऊन आधी एक गोष्ट मागा, ती मिळाली तर निम्मं काम होईल. अचानक उठवून वर्गात मोठ्यानं वाचायला लावू नका. वाचायचंच असेल तर आदल्या दिवशी कुठला परिच्छेद ते सांगा. तालमीत वस्ताद पोराचा कच्चा डाव आधी चार भिंतीत, लाल मातीत घोटून घेतात, भरलेल्या मैदानात त्याला तो पहिल्यांदा करायला लावत नाहीत, तसंच आहे हे. दुसरं म्हणजे विज्ञानाच्या पेपरात शुद्धलेखनाचे मार्क कापू नका असं म्हणून बघा, काही शिक्षक ऐकतात, काही नाही. ज्या मॅडमनी तपासायला सांगितलं त्यांना आधी भेटा, त्या तुमच्या बाजूच्या आहेत, त्यांनी नऊ वर्षांत पहिल्यांदा बघितलं.

लेखनिकाचं. इथं घाई पण नको आणि वेळ घालवून पण चालणार नाही. कागद आपण करून ठेवायचे, वापरायचं का ते त्यानं ठरवायचं, असं त्याला स्पष्ट सांगा. प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयाचं लागतं, नुसत्या खाजगी रिपोर्टवर राहू नका, आणि सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, म्हणून नववीतच मुख्याध्यापकांना भेटून काय काय लागतं ते लिहून घ्या. बऱ्याच पोरांना वाटतं सवलत म्हणजे लेखनिकच, पण जादा वेळ ही वेगळी गोष्ट आहे, तासाला २० मिनिटं मिळतात, तीन तासांच्या पेपरला एक तास. कदाचित त्याला नुसता वेळ पुरेल आणि पेपर स्वतःच्या हातानं लिहिता येईल, ते त्याला जास्त पचेल. घरीच जुना एक पेपर घ्या, एकदा साधा सोडवू दे, एकदा जादा वेळ देऊन, एकदा तो सांगेल आणि वहिनी लिहितील. तिन्ही पेपर त्याच्या हातात द्या. तोच बघेल.

"पोरं चिडवतील" याला "चिडवू दे, लक्ष देऊ नको" असं उत्तर देऊ नका. चिडवतात, खरंच चिडवतात, त्याची भीती खोटी नाही. त्याला विचारा, टीममधला एक तरी असा आहे का ज्याला तू सांगू शकशील? एकाला. चारचौघांत जाहीर करायची काही गरज नाही, कुणाला सांगायचं, कधी सांगायचं हे त्याचं आहे, तुम्ही पाहुण्यांच्यात, लग्नाकार्यात "याला ते डिस्लेक्सिया आहे" असं त्याच्या मागं किंवा पुढं बोलू नका. वर्गात दोन-तीन पोरं अशी असतातच, साधारण ५ ते १० टक्के मुलांना हे असतं असा अंदाज धरतात, काही जण जास्त पण धरतात. म्हणजे त्याच्या शाळेत त्याच्यासारखीच बाकं मोजणारी बरीच असतील.

आणि आजींना सांगा, तुमचं बरोबर आहे, माझ्यावरच गेलाय. पण आता ते म्हणताना त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणा.

आधी ते विचारायचं विसरू नका, आजच. शाळेत जाऊन आलात की मला कळवा काय म्हणाले ते. पत्र बोलूनच पाठवा, मला व्यवस्थित वाचता आलं.